अर्ध्या शहाण्याचा वाडा

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. ओळखीच्या शाळांच्या सहली आल्या की तो दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडतं. सहलीबरोबरचे सर एसटीतून उतरता उतरताच बजावतात, "जरा मजेदार सांगा हं. इतिहास म्हटलं की पोरांना झोप येते." लगेच पुढची अट, "आणि अर्ध्या तासात आटपा. पाचगणी व्हायचीय अजून."

प्रतापगडावर माहिती सांगणाऱ्याचं बरं आहे. त्याच्याकडे अफझलखान आहे, वाघनखं आहेत. माझ्या वाट्याला आलाय हिशेब ठेवणारा माणूस! नाना आयुष्यभर कागद वाचत होते, पत्रं लिहीत होते, जमाखर्च तपासत होते. त्यांचं मोडीतलं मेणवली दप्तर म्हणजे इतिहास संशोधकांना घबाड. पण सहावीतल्या पोराला 'इथं खूप जुने कागद होते' असं सांगावं, तर मी बँकेच्या पासबुकाकडे बघतो तसा तो माझ्याकडे बघतो.

"काका, लढाई कुठे झाली?"

"इथे नाही झाली. पण नाना पानिपतावर होते. 1761 साली. विशीसुद्धा उलटली नव्हती."

डोळे चमकले. "किती मारले?"

"ते... जिवंत परत आले."

एवढी निराशा मी निकालाच्या दिवशीही पाहिली नाही. नानांची आई त्याच धामधुमीत हरवली, हे सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मला मजेदार सांगायचं होतं.

मग मी हुकमी पत्ता काढला. "पेशवाईत साडेतीन शहाणे होते! सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर, देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण, आणि आमचे नाना अर्धे. मुत्सद्देगिरी भरपूर, तलवार मात्र नाही."

"आमच्या वर्गात पण एक अर्धा आहे!" पन्नास बोटं एका चष्मेवाल्या पोरावर. तो बिचारा वहीत सगळं उतरवून घेत होता. मान वर करून त्यानं विचारलं, "हे परीक्षेला येणार का?"

वाड्याला सहा चौक आहेत. ते कशासाठी, याची माझी सगळी तयारी होती, पण ते लपंडावासाठी आहेत असा निकाल पोरांनी परस्पर लावला. भिंतींवरची चित्रं बाईंनी एकटीनं पाहिली. मी आणि सर डोकी मोजत होतो. पहिल्यांदा दोन कमी भरली, मग तीन जास्त. जास्त कशी भरली, हे नानांनाही उलगडलं नसतं. तेवढ्यात भुयार कुठंय, भूत दिसतं का, आणि 'काका मला वाचवा' इथंच ना, हेही विचारून झालं. ते शनिवारवाड्यात, असं म्हटल्यावर "मग सर आपल्याला तिकडे का नाही नेत?" या प्रश्नावर सर खांबाचं कोरीवकाम निरखू लागले.

थोडी दाद मिळाली ती सवाई माधवरावांना. 1774 साली अवघ्या 40 दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली आणि कारभार बारभाईंनी, म्हणजे नाना आणि इतर मुत्सद्द्यांच्या मंडळानं सांभाळला, हे ऐकून एक मुलगी पुढे आली. "दरबारात बाळ रडलं तर?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण नानांबद्दल पहिल्यांदाच कुणाला तरी दया आली.

शेवटी कृष्णेचा घाट. तिथं मोठी घंटा टांगलेली आहे. "ही मूळची चर्चमधली. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांकडून आणलेली."

"विकत?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"नाही. जिंकून."

"म्हणजे न विचारता?"

सरांनी घाईनं 'विजयचिन्ह' हा शब्द पुरवला, पण तोवर घाटावर दोन तट पडले होते. एक तट म्हणे घंटा आपलीच, दुसरा म्हणे परत द्या. हात वर करून मतदान झालं. कुणालाही झोप आली नव्हती. मी कोपऱ्यात उभा होतो, माझं कुणाला काही कामच उरलं नव्हतं. परत देणाऱ्यांची बाजू वरचढ ठरली आणि घंटा वसईला न्यायची कशी, यावर खल सुरू झाला. एसटीच्या टपावर, असं ठरत आलं होतं, तोच पोरांना हाकायला आलेले ड्रायव्हरकाका मागून खेकसले, "लगेज पडंल त्याचं! आणि गाडी वसईला जात नाय. पाचगणीवाले चला!"