सुई २९ वर येणार नाही, हे इंदूर आहे

रात्रीचे पावणेअकरा वाजलेत. सांवेर रोडच्या शेडमध्ये मी हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप बंद करून, व्हॉल्व्ह आवळून, मोल्डच्या, म्हणजे साच्याच्या, कडेला कान लावून गुडघ्यांवर बसलेय. फुस्स कुठून येतंय ते शोधतेय. कुठूनच येत नाही, आणि गेजची सुई (ती किती हवा ओढली गेली ते पाऱ्याच्या इंचांत दाखवते) मात्र मिनिटाला दोन-दोन इंच खाली सरकतेय. म्हणजे हवा आत जातेय. कुठून? ते त्या हवेलाच ठाऊक!

आत गाडीचं बॉनेट आहे. २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम) ट्विल विणीच्या कार्बन कापडाचे तीन थर, ओल्या इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेले. त्यावर पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), भोकांची फिल्म, ब्रीदर (हवेला वाट देणारं जाड कापड) आणि सगळ्यावर पिशवी, कडेनं चिकट टॅकी टेप. एवढी शिदोरी बांधायला दीड तास गेला. रेझिन कडक करणारा हार्डनर स्लो घेतलाय, घट्ट व्हायला डब्यावर दोन तास लिहिलंय, पण ते २५ अंशांचे दोन तास. मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडला डबा वाचता येत नाही. दहा अंश वाढले की वेळ साधारण निम्मी. म्हणजे मी इथे कान लावून बसलेय तेव्हा आत रेझिन मधासारखं घट्ट होत चाललंय.

लोकांना वाटतं, व्हॅक्यूम म्हणजे काय, पिशवीतली हवा काढायची. आईचा फोन आला, "अगं, पिशवीला गाठ मार आणि ये घरी, वरणभात झाकून ठेवलाय." गाठ! सुई २७ वर असेल तर दर चौरस मीटरला नऊ टनांहून जास्त वजन बसतं, तेव्हा कुठे थर एकमेकांना चिकटतात. आता पंप लावूनही २२ वर अडकलीय. साडेसात टन. दाब कमी पडला याचं एवढं दुःख नाही. गळकी हवा थरांमधून बुडबुडे काढत पंपाकडे जाते आणि जाताना भोकं ठेवून जाते, ते दुखतं. वर क्लिअर कोट मारा, नाही तर कपाळ मारा, ती भोकं दिसणारच.

आता त्या पंपवाल्याचं ऐका. माल पुरवणारा माणूस, मुंबईचा. गेली दोन वर्षं एकच पालुपद: "मॅडम, २९ आलं पाहिजे. २९ येत नाही म्हणजे पंप गेला." मी बावळट, त्याचं ऐकून दुसरा पंप घेतला. नवाकोरा. तोही २८ च्या आत. मग पुन्हा नळ्या बदल, गेज बदल, जॉइंट बदल. शेवटी एकदा इंदूर स्टेशनवर मामाला आणायला गेले तर समोर पिवळी पाटी, समुद्रसपाटीपासूनची उंची, साधारण ५५० मीटर. फुकटात, भल्या मोठ्या अक्षरात! इथल्या हवेचाच दाब २८ इंचांच्या आसपास. असलेली सगळी हवा काढली तरी २९ कुठून आणू, काकाच्या घरून? मुंबईत खिडकीतून समुद्र दिसतो त्याला सोपंय सांगायला.

हे सगळं त्याला आज संध्याकाळी पुन्हा फोनवर समजावलं. वीस मिनिटं. "हो मॅडम, पण २९ तर यायला पाहिजे."

गिऱ्हाइकांचं तर सोडाच. "दीदी, प्लास्टिकच तर आहे, कार्बनवाला स्टिकर चिकटवून द्या ना." चिकटवा. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत मिळेल, गरमागरम, वर शेव भुरभुरून.

साडेअकराला गळती सापडली. डाव्या कोपऱ्यात, टेपखाली, कार्बनचा एक धागा. एक! केसापेक्षा बारीक तंतूंचा जुडगा तो, त्याच्या आतून हवा वातीत तेल चढावं तशी आत शिरते. म्हणून तर मोल्डच्या कडेला आधी मास्किंग टेप लावतात आणि कापड बसवून झाल्यावरच ती काढतात. मी आज ती आधीच काढली होती. का? एका हातात फोन होता, समुद्रसपाटी समजावत होते, दुसरा हात रिकामा होता म्हणून टेप ओढत बसले.

धागा काढून टेप दाबली, सुई २७ च्या वर गेली, पण डाव्या कोपऱ्यातलं रेझिन तोवर बसलं होतं. सकाळी पिशवी सोलली. बाकी बॉनेट आरशासारखं, आणि तो कोपरा वाळवीनं खाल्ल्यासारखा. गिऱ्हाईक शनिवारी येणार.

सोललेली पिशवी, फिल्म, कडक झालेला ब्रीदर घेऊन बाहेर गेले तर कचरागाडीवाला, "दीदी, गीला है कि सूखा?" रात्री गीला होता रे बाबा, आता सूखा आहे. त्याने पिशवी उलटी करून पाहिली आणि माझ्याचकडे परत दिली.

आत आले तर फोनवर मेसेज: "मॅडम, २९ आलं का? गेजचा फोटो पाठवा."

गेजचा नाही, स्टेशनच्या पाटीचा पाठवणार आहे. पोहे खाऊन येते, मग.