पाहुण्यांसमोर न चालणारे विज्ञान

आपल्याला विज्ञानाची आवड आहे असे एखाद्याने चारचौघांत एकदा बोलून दाखवले, की त्याला वाढदिवसाला शर्ट मिळणे कायमचे बंद होते. माझ्या तोंडून हे वाक्य बारा वर्षांपूर्वी, फारसा विचार न करता, मेहुण्यांसमोर निघून गेले. तेव्हापासून आमच्या दिवाणखान्यातले काचेचे कपाट भरत गेले आहे. आज त्यात उजेड पडताच फिरणारी पाती आहेत, पाणी पिणारा काचेचा पक्षी आहे, नसलेल्या जागी नाणे दाखवणारे आरसे आहेत, हवेत अधांतरी फिरणारा भोवरा आहे आणि ज्याविषयी मी शक्यतो बोलत नाही असा एक रुबिक क्यूबही आहे. या वस्तू देणारे लोक त्या देऊन निघून जातात, परंतु पुढच्या खेपेला आल्यावर ‘ते जरा चालू करून दाखवा ना’ असे म्हणायला मात्र विसरत नाहीत. मी एकटा असताना ही खेळणी निर्दोष चालतात, पाहुण्यांसमोर चालत नाहीत, आणि चुकून चाललीच तर ती का चालली हे मला सांगता येत नाही.

सर्वांत मोठा अपमान मी भोवऱ्याकडून सोसला आहे. हे खेळणे दिसायला अगदी साधे असते. खाली चुंबकाची जाड पाटी, तिच्यावर प्लास्टिकचा पातळ पत्रा आणि पत्र्यावर चुंबकाचाच छोटा भोवरा. भोवरा बोटांनी फिरवायचा, पत्रा हळूहळू वर उचलायचा आणि ठरावीक उंचीवर भोवरा आपण होऊन हवेत तरंगू लागला, की पत्रा अलगद काढून घ्यायचा. नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर कोणतीही वस्तू अशी अधांतरी टिकू शकत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच गणिताने दाखवून दिले होते. भोवरा स्थिर नसतो, फिरत असतो, म्हणून तो या नियमाच्या कचाट्यातून निसटतो, आणि रॉय हॅरिगन नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३ मध्ये अशा भोवऱ्याचे पेटंटही मिळवले. माझा अनुभव एवढाच आहे, की अर्नशॉ यांचा नियम आमच्या घरी अजून लागू आहे.

भोवरा किंचित हलका पडला तर तो उडून सोफ्याखाली जातो आणि किंचित जड पडला तर पत्र्यावरून उठतच नाही, म्हणून त्याच्यावर बारीक वॉशर चढवून किंवा उतरवून वजन जुळवावे लागते. पाटी एका अंगाला जराशी कलली, तरी भोवरा त्या अंगाला घसरून पडतो, म्हणून तिच्या पायांचे स्क्रू फिरवून ती समपातळीत आणावी लागते. एका खेळण्यासाठी गवंड्याची पाणसळ विकत आणणारा मी आमच्या नातेवाइकांतला पहिलाच माणूस असावा. एवढे करूनही सकाळी जुळलेले वजन दुपारी जुळत नाही, कारण खोली तापली की चुंबकाचा जोर थोडा कमी होतो. एका रविवारी पहाटे, घर झोपेत असताना, मी तो भोवरा दीड मिनिट हवेत ठेवला होता. त्या आनंदाच्या भरात मी बायकोला हाक मारली. ती डोळे चोळत येऊन उभी राहिली आणि त्याच क्षणी, हवेच्या घर्षणाने वेग मंदावल्यामुळे, भोवरा पाटीवर कोसळला. ‘छान पडला,’ असे म्हणून ती पुन्हा झोपायला गेली.

भोवरा निदान प्रश्न तरी विचारत नाही. माझी भाची विचारते. ती नऊ वर्षांची आहे, आणि ‘का’ हा शब्द बेताने वापरावा असे तिला अद्याप कोणी शिकवलेले नाही. काचेच्या बंद गोळ्यात सुईच्या टोकावर तोललेली चार पाती, प्रत्येक पाते एका बाजूने काळे आणि दुसऱ्या बाजूने रुपेरी, असा तो रेडिओमीटर मी तिला उन्हात ठेवून दाखवला. पाहुण्यांसमोर न चुकता चालणारे आमच्याकडचे ते एकमेव खेळणे, त्यामुळे माझा आवाज आपोआप चढलेला होता.

‘प्रकाशाचा धक्का बसतो, म्हणून पाती फिरतात,’ मी म्हणालो.

‘धक्का कोणत्या बाजूला जास्त बसतो?’

‘रुपेरी बाजूला. काळ्या बाजूत प्रकाश शोषला जातो, रुपेरी बाजूवरून तो परत फिरतो, म्हणजे धक्का दुप्पट.’ हे उत्तर मला फार आवडले.

‘मग मामा, काळी बाजू का मागे पळतेय?’

मी वाकून पाहिले. मागे पळत होती ती काळीच बाजू. बारा वर्षे ती माझ्या डोळ्यांसमोर उलटी पळत होती आणि मी बारा वर्षे पाहुण्यांना ती सुलटी पळत असल्याचे समजावून सांगत आलो होतो. एकाही पाहुण्याने हरकत घेतलेली नव्हती, यावरून पाहुणे आमच्याकडे काय पाहायला येतात याविषयी माझ्या मनात प्रथमच शंका आली.

त्या रात्री वाचन केल्यावर थोडा धीर आला. विल्यम क्रुक्स हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ थॅलियम या मूलद्रव्याचा अणुभार ठरवण्यासाठी निर्वात पेटीत अतिशय नाजूक वजने करत असताना, उष्णतेमुळे आणि उन्हामुळे आपला तराजू ढळतो असे त्यांच्या ध्यानात आले. त्याचा पाठपुरावा करता करता १८७० च्या दशकात त्यांनी हे यंत्र बनवले, आणि प्रारंभी त्यांनाही हा प्रकाशाच्या दाबाचाच परिणाम वाटला. खरे कारण गोळ्यात मुद्दाम शिल्लक ठेवलेल्या विरळ हवेत आहे. काळी बाजू अधिक तापते, पात्यांच्या कडांवरून हवा थंड बाजूकडून गरम बाजूकडे सरकते आणि तिचा जोर गरम बाजूवर पडतो, हे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८७९ मध्ये मांडले. गोळ्यातली हवा जवळजवळ पूर्ण काढून घेतली तर ही पाती फिरायची थांबतात. हे सारे पाठ करून मी दुसऱ्या दिवशी भाचीसमोर उभा राहिलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘म्हणजे गार केलं तर उलटी फिरतील?’ तिच्या मते मामाने सांगितलेली गोष्ट पडताळून पाहणे आता आवश्यक झाले होते. रेडिओमीटर फ्रिजमध्ये गेला. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून आम्ही दोघांनी पाहिले, तर पाती संथपणे उलट दिशेने फिरत होती. मागून बायको विचारत होती, की फ्रिजसमोर दोन माणसे गुडघ्यांवर का बसली आहेत. तिला रेनॉल्ड्सपासून सांगावे लागले असते, म्हणून मी दार लावून घेतले.

पक्ष्याचे फार सांगण्यासारखे नाही. त्याच्या डोक्यावरच्या ओल्या कापडातून पाणी उडून जाते, डोके थंड होते, आतला द्रव नळीतून वर चढतो आणि पक्षी वाकून चोच बुडवतो. हवेत दमटपणा भरला की पाणी उडून जात नाही आणि त्याची तहान भागते. मेहुण्यांचे येणे नेमके पावसाळ्यात होत असल्याने हा पक्षी मूळचाच असा निश्चल आहे, अशी त्यांची समजूत आहे.

आरशांच्या बाबतीत मात्र मेहुण्यांची फजिती झाली, आणि ती मला अजून आठवते. दोन अंतर्गोल आरसे तोंडाला तोंड लावून ठेवलेले, वरच्याला मधोमध भोक. तळाशी ठेवलेले नाणे भोकाच्या वर हवेत असे ठसठशीत दिसते, की ते उचलल्याशिवाय माणसाला राहवत नाही. मेहुण्यांनी तीन वेळा चिमूट मारली आणि चौथ्या वेळी चष्मा पुसला. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात शोधदिव्यांचे जुने आरसे पुसताना एका सफाई कर्मचाऱ्याला त्यांच्यावरची धूळ काही केल्या पुसली जाईना, आणि तिथून हे खेळणे निघाले, असे सांगतात. धूळ खालच्या आरशावर होती आणि तो पुसत होता ती तिची प्रतिमा. ही हकीकत मी घरात सांगायला नको होती. कपाटावर धूळ दिसली, की ती प्रतिमा असावी असे म्हणण्याची सोय मी आता गमावून बसलो आहे.

राहिला क्यूब. एर्नो रुबिक यांनी तो १९७४ मध्ये बनवला आणि स्वतःचाच क्यूब सोडवायला त्यांना महिन्याहून अधिक काळ लागला. त्याच्या एकूण ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० रचना होतात, आणि त्यांपैकी कोणतीही वीस फिरकींत सोडवता येते असे २०१० मध्ये सिद्ध झाले. माझी पद्धत वेगळी होती. मी स्क्रू ड्रायव्हरने त्याचे तुकडे सुटे केले, रंगवार पुन्हा बसवले आणि सहा एकरंगी बाजूंचा तो क्यूब काही वर्षे कपाटात दर्शनी ठेवला. पाहुणे विचारत, मी किंचित हसत असे. मग मेहुण्यांनी तो गप्पांच्या नादात विस्कटला. तो पुन्हा उघडून बसवत असताना नेमकी दारावरची घंटा वाजली आणि हाताला येईल तो तुकडा मिळेल त्या खाचेत दाबून मी तो कपाटात ठेवून दिला. असा अंदाजपंचे जोडलेला क्यूब नियमाने सुटण्याची शक्यता बारात एक असते, हे मला पुढे कधीतरी कळले.

गेल्या महिन्यात भाचीने तो मागितला. ती वडिलांच्या शेजारी सोफ्यावर बसली, हातातल्या क्यूबच्या बाजू सरसर फिरवत राहिली आणि पाच मिनिटांत एका कोपऱ्यापाशी थांबली. पाच बाजूंनी तिने क्यूब उलटसुलट करून पाहिला.

‘मामा, बाकी सगळं जुळलंय, फक्त हा एकच कोपरा जागेवर फिरलाय. असं होऊच शकत नाही. हा कुणीतरी उघडून जोडलाय.’

‘खोली तापली की प्लास्टिक जरा…’ मी सुरुवात केली.

ती ऐकत नव्हती. तिने अंगठ्याने तो कोपरा दाबून जागच्या जागी फिरवला, कट्ट असा आवाज झाला आणि क्यूब सुटला. या वेळी तिने ‘का’ असे विचारले नाही. तिच्या वडिलांनी विचारले.