तक्रार नंतर, आधी आडनाव

कान ठणकत होता म्हणून पुण्यातल्या एका दवाखान्यात गेलो. केसपेपरच्या खिडकीतली मुलगी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "आडनाव?"

"पोटदुखे."

"तक्रार नंतर. आधी आडनाव."

"तेच सांगितलं."

तिने आधार कार्ड मागितलं, उलटसुलट पाहिलं, शेजारच्या मुलीला दाखवलं. दोघींनी ओठ दाबून धरले. कोणी खदाखदा हसलं तर मला चालतं. हे ओठ दाबणं झोंबतं.

मागे एक्स-रेचं पाकीट काखेत धरून एक काका उभे होते. त्यांनी ओठबिठ दाबले नाहीत.

"पोटदुखे? खरंच?"

"हो."

"मूळचे कुठले?"

"चंद्रपूर."

"मग चंद्रपूरकर लावा की! राजपत्रात द्यायचं, कटकट मिटली. आमच्या मेव्हण्याच्या ओळखीत एजंट आहे."

मी गप्प. काकांना तेवढं प्रोत्साहन पुरलं.

"पण मला सांगा, पूर्वजांचं पोट खरंच दुखायचं, की दुसऱ्याचं बरं झालेलं बघवायचं नाही?"

रांग हसली. त्यात एक बाई तर तोंडात थर्मामीटर धरून हसल्या.

"ओवा घेत चला," काका म्हणाले.

"काका, कान दुखतोय माझा."

"अहो, पोटातला वायूच कानात चढतो!"

यांना काय सांगणार? चंद्रपुरात हे आडनाव ऐकून कोणी ओवा सुचवत नाही. तिथून शांताराम पोटदुखे १९८० पासून सलग चारदा लोकसभेवर निवडून गेले. देशाचं सोनं गहाण पडलं त्या १९९१ सालात ते मनमोहन सिंगांच्या हाताखाली अर्थ राज्यमंत्री झाले. आमचं त्यांच्याशी नातं नाही, पण शाळेत कोणी चिडवलं की मी बेधडक जोडायचो.

मुळात आडनावांचा मामलाच अन्यायाचा. कोणाला गावावरून 'कर' मिळालं, कोणाला हुद्द्यावरून कुलकर्णी-देशमुख. उरलेल्यांना गावातल्या कुठल्या तरी टवाळाने जे चिकटवलं ते: एकबोटे, दहातोंडे, आगलावे. पाटलांच्या खापरपणजोबांनी पाटीलकी केली म्हणून नातू आजही गाडीच्या काचेवर 'पाटील' लिहून फिरतो. आमच्या खापरपणजोबांचं एखाद्या दुपारी पोट दुखलं असेल, ते संध्याकाळी थांबलंही असेल. पण नोंद झाली. माझ्या बायकोने लग्नानंतर माहेरचंच आडनाव ठेवलं. स्त्रीस्वातंत्र्य वगैरे म्हणते. मला कारण ठाऊक आहे.

तेवढ्यात स्पीकर खरखरला, "ढमढेरे! एक्स-रे!"

काका निघाले. एकाचाही ओठ हलला नाही. हलेल कसा? शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरे नावाचं आख्खं गाव आहे, पुण्याच्या रोजच्या कानावरचं. ढमढेऱ्यांना इथे बाजूला माणसं आहेत, माझ्या बाजूला मी एकटा. हेच काका चंद्रपूरच्या रांगेत सापडायला हवे होते.

कान बरा झाला. बिलाचे कागद विम्याला पाठवले, ते परत आले. केसपेपरवर आडनावाची जागा कोरी आणि तक्रारीपुढे 'पोटदुखी', औषध मात्र कानाचं. विमा कंपनीचा शेरा: "तरी खुलासा करावा." दवाखाना म्हणतो, सिस्टीममध्ये गेलेलं आता बदलत नाही.

तर खुलासा लिहितोय. कंपनीची अट एकच आहे, खाली सही हवी आणि आडनाव ठळक अक्षरांत.