टेपचं दुसरं टोक

आमच्या पेठेतल्या खो-खोच्या सरांना नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. रक्तदान शिबिराच्या खुर्च्या असोत की पालखीच्या दिवशी वारकऱ्यांचा चहा, राबायला आम्ही हजर. पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी सर म्हणतात, "संध्याकाळी ये रे, जरा टेप धरायला," आणि पोटात गोळा येतो.

मैदान आखताना टेप धरायची म्हणजे शून्याच्या बाजूला उकिडवं बसायचं. पलीकडून सर ओरडतात, "शून्य कडीपासून की आतल्या रेघेपासून?" काही टेपांचं शून्य कडीच्या बाहेरच्या कडेला असतं, काहींचं आत छापलेलं. तिथं पाच सेंटिमीटर खाल्ले की मुलं बसतात त्या आठही आडव्या पाट्या सरकल्याच.

खरी गंमत पुढे. मैदान २७ बाय १६ मीटर, टेप ३० मीटरची आणि कर्ण ३१ मीटर ३८ सेंटिमीटर! बाकीचे इथं नजरेनं भागवतात आणि मुलं समांतरभुज चौकोनात खेळतात. सरांना ते खपत नाही. ते मैदान मधोमध तोडतात. प्रत्येक अर्ध्याचा कर्ण २० मीटर ९३ सेंटिमीटर आला पाहिजे, आणि तोही दोन्हीकडून. पहिल्या फेरीत तो कधीच येत नाही. टेप गवताच्या ठोंबावरून गेलेली असते, नाहीतर मधे झोळ पडलेला असतो. झोळ शून्याकडचा, हे ठरलेलं.

मग सुतळी ताणून फक्की, म्हणजे रेघांची पांढरी पूड. चुना वापरायचा नाही. घसरून पडलेल्या पोराच्या डोळ्यात गेला तर निस्तरणार कोण? पाणी आधीच मारून ठेवायचं, तेही हलकं. ओल जास्त झाली की फक्कीचा लगदा होऊन चपलेबरोबर घरी येतो. माती कोरडी राहिली तर रेघ वाऱ्यावर शेजारच्या सोसायटीत जाते. "मॅट का नाही आणत?" हा पालकांचा प्रश्न २०२५ च्या विश्वचषकात आपले दोन्ही संघ जिंकल्यापासून फारच वाढलाय. वर्गणीचं पुस्तक काढलं की तो आपोआप थांबतो.

खांब शेवटी. जमिनीवर १२० सेंटिमीटर राहील असा, अगदी ओळंब्यात. खड्ड्यात नुसती माती लोटली तर खांबावर चार सूर पडले की तो डुलायला लागतो आणि पोरांचे खांदे जातात. म्हणून थोडी खडी, थोडी माती, पहारेनं ठोकायचं. पुन्हा खडी, पुन्हा माती. या खेळाचे नियम १९१४ साली पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर बांधायला घेतले होते. त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण इथं जन्मजात पंच. फिरायला निघालेले एक काका थांबतातच.

"सर, खांब डावीकडे कलतोय."

"काका, बरं झालं आलात," सर म्हणतात. "ही पहार धरा."