जामीन इंग्रजांनी आणलेला नाही

फिरत फिरत एक फॉरवर्ड आमच्या धाकट्या मामांपर्यंत पोचला. मजकूर थोडक्यात असा: ‘जामीन ही इंग्रजांनी आणलेली पळवाट. आपल्याकडे पूर्वी आरोपी धरला की शिक्षा. आता जामीन मिळाला की सुटला, पळाला तरी कोर्ट काही करत नाही, आणि जामीन राहिलेला मात्र आत जातो.’

मामांच्या शेजारचा पोरगा मारामारीच्या केसमध्ये तुरुंगात आहे. कोर्टाने जामीन मंजूर केलाय, फक्त सातबारा घेऊन उभा राहणारा माणूस हवा. मामा उभे राहणार होते. हे वाचलं आणि मागे सरले. एका खोट्या मजकुरापायी पोरगा अजून आतच.

आधी ‘इंग्रजांनी आणला’ हे बघू. याज्ञवल्क्यस्मृती या प्राचीन धर्मशास्त्रग्रंथाचा व्यवहाराध्याय, म्हणजे न्यायनिवाड्याचा भाग, उघडा. ‘दर्शने प्रत्यये दाने प्रातिभाव्यं विधीयते’, म्हणजे जामीन तीन कामांसाठी: माणसाला हजर करण्यासाठी, त्याच्या भरवशासाठी आणि पैसे फेडण्यासाठी. त्याच अध्यायात वादी-प्रतिवादी दोघांकडूनही निकालासाठी ऐपतदार जामीन घ्यावा, असं स्वच्छ सांगितलंय. जामीन मिळालाच नाही तर? दुसरा स्मृतिकार कात्यायन म्हणतो, अशाला पहाऱ्यात ठेवावं आणि दिवस मावळला की पहारेकऱ्याची मजुरी त्यानेच द्यावी. नारदस्मृतीचा कर्ता नारद तर कोणाला अडवून धरू नये याची यादीच देतो: आजारी माणूस, लग्नाला निघालेला, गुरं चारणारा गुराखी, पेरणीत गुंतलेला शेतकरी, हातात काम असलेला कारागीर, लढाईवरचा शिपाई. ज्यांना पेरणीच्या दिवसात शेतकऱ्याला अडवू नये हे कळत होतं, त्यांच्या नावावर ‘धरला की शिक्षा’ खपवायची? मराठेशाहीच्या निवाड्यांतही हाजीरजामीन घेतला जाई. ही सगळी व्यवस्था कंपनी सरकारच्या आधीची आहे.

एवढं मान्य करतो, की जामीनपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यांचा आजचा तक्ता इंग्रजी अमलातल्या १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून आला. पण तक्ता त्यांचा म्हणून जामीन त्यांचा होत नाही. आणि जुना काळ दयाळू होता असंही नाही. पहाऱ्याची मजुरी गरिबाने कुठून द्यायची, याचं उत्तर कात्यायनाच्या त्या वचनात नाही.

जामीन मिळाला की सुटला? नाही. खटला चालूच राहतो, तारखेला हजर राहावंच लागतं. पळाला तर वॉरंट निघतं, फरार म्हणून जाहीरनामा लागतो, मालमत्तेवर जप्ती येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) तर गंभीर गुन्ह्यात फरार घोषित आरोपीचा खटला त्याच्या गैरहजेरीतही चालवता येतो.

आता मामा ज्याला घाबरले ते. जामीनदार आरोपीच्या गुन्ह्याची शिक्षा भोगत नाही. आरोपी आला नाही तर बंधपत्रात लिहिलेली रक्कम भरावी लागते. ती भरली नाही आणि जप्तीनेही वसूल झाली नाही, तरच सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगाची तरतूद आहे. रक्कम कमी करण्याचा अधिकारही कोर्टाला असतो. याज्ञवल्क्यानेही हजेरीच्या जामिनाची जबाबदारी त्याच्यापुरतीच ठेवली, मुलांवर टाकली नाही. मुलांपर्यंत जाते ती पैशाच्या जामिनाची.

मामा, सातबारा, आधार आणि ऐपतीचा दाखला एवढं काढून ठेवा. सोमवारी मी तुमच्याबरोबर कोर्टात येतो.