मॅडम, तेवढी सही राहिलीय

मंगळवारी सकाळी पावणेअकराला, एम.एस्सी.चं प्रॅक्टिकल ऐन रंगात असताना भांडार विभागातून फोन आला. "मॅडम, तेवढी तुमची सही राहिलीय. निर्लेखनाची यादी आज वर जायचीय." म्हटलं, कसली यादी? "भंगाराची हो. तुमच्याकडची ती जड पेटी, जिन्याखालच्या खोलीतली, तीपण घेतलीय. चौघांनी उचलली तेव्हा हलली! आत शिसं आहे म्हणे. भाव चांगला येईल."

मी पोरांना तसंच सोडून धावले. मागच्या अंगणात मोडक्या बाकांच्या आणि तीन पंख्यांच्या शेजारी ती पेटी उन्हात ठेवलेली. वर कुणाचा तरी चहाचा कप. नॅकचं पथक येणार म्हणून मध्यंतरी जी सरसकट रंगरंगोटी झाली, त्यात रंगाऱ्याने पेटीवरच्या पिवळ्या चिन्हावरही राखाडी रंगाचा हात फिरवलेला. नखाने खरवडलं तर खालून पिवळा रंग आणि किरणोत्सर्गाच्या चिन्हाची एक पाकळी दिसली. किरणोत्सर्ग मोजणारा सर्व्हे मीटर जवळ धरला. शिशाच्या आत बंद असूनही काटा बॅकग्राउंडच्या, म्हणजे एरवीच्या नैसर्गिक पातळीच्या, वर सरकलाच.

आत सिझियम-१३७ आहे, किरणोत्सर्गी. १९८०च्या दशकात कुणा सरांनी प्रयोगासाठी घेतलेला सोर्स. सर निवृत्त झाले, प्रयोग बंद पडला, सोर्स राहिला. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, एवढं काय, तो आता मेला असेल की!" भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख बरं का हे. सिझियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, ३० वर्षांचं. म्हणजे तेव्हा जेवढा होता त्याच्या एक तृतीयांशाहून जास्तच तो आजही आहे. हे गणित आम्ही एम.एस्सी.ला चार मार्कांना विचारतो.

आणि हे मी उगाच अंगात आल्यासारखं करत नाही. देशातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या भांडार विभागात भिंतीवर लिहून ठेवावी अशी गोष्ट २०१०मध्ये घडलेली आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात किरणोत्सर्गी कोबाल्ट-६०चं एक गॅमा इरेडिएटर, म्हणजे नमुन्यांवर गॅमा किरणांचा मारा करणारं यंत्र होतं, १९६८मध्ये कॅनडाहून आणलेलं. १९८५पासून ते वापराविना पडून होतं. फेब्रुवारी २०१०मध्ये विद्यापीठाने ते रीतसर लिलावात भंगार म्हणून विकलं. रीतसर! म्हणजे कागद झाले असणार, सह्या झाल्या असणार. दिल्लीतल्याच मायापुरीच्या भंगार बाजारात त्याचे तुकडे झाले. लोक भाजले, केस गेले, एप्रिलमध्ये एक जण मेला. त्या बिचाऱ्यांना आपण काय फोडतोय हेच माहीत नव्हतं. कोबाल्टचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. ४२ वर्षांत ते आठदा निम्मं झालं होतं, म्हणजे मुळातल्या सोर्सचा जेमतेम अडीचशेवा हिस्सा उरला होता. त्या उरलेल्या हिश्श्याने माणूस मारला. आणि आमचे सर म्हणतात, मेला असेल.

आमची पेटी त्या यंत्रापुढे किरकोळ आहे, हे मलाही कळतं. प्रयोगशाळेतल्या बटणाएवढ्या, मीटर तपासायच्या चेक सोर्सने कुणी मरत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यात 'रेडिएशन' या शब्दाची भुतं घालणाऱ्यांचाही मला तेवढाच राग येतो. पण पेटी किरकोळ म्हणून वाचलो. ती यादीत गेली तो रस्ता तोच आहे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद काय? 'लोखंडी/शिशाची पेटी, नग १'. आत काय आहे त्याचा शब्द नाही. निर्लेखन समितीत लेखा विभागाचा माणूस, भांडारचा माणूस, अभियंता. आरएसओ, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, कुठेय? आरएसओला फोन कधी, तर सगळं ठरल्यावर. सही राहिलीय.

हो, आरएसओ म्हणजे मीच. रेडिऑलॉजिकल सेफ्टी ऑफिसर. पाट्यांवर छान दिसतं. झाले कशी, तर आधीचे आरएसओ निवृत्त झाले आणि पाच महिने कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, ई-लोरा या परवान्यांच्या पोर्टलवर काहीतरी अर्ज अडकला, धावपळ सुरू झाली, आणि विभागाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या वह्यांत डोकं घातलं. मी चुकून वर बघत होते. प्रशिक्षण घेऊन आले, परीक्षा दिली, मंजुरी आली. कुलसचिवांच्या पत्रात शब्द होते 'अतिरिक्त कार्यभार'. आठवड्याचे १४ तास शिकवणं आहे तेवढंच, पीएच.डी.ची पोरं आहेत तेवढीच, मानधन शून्य. ई-लोराच्या लॉगिनला जोडलेला ईमेल आधीच्या कुलसचिवांचा निघाला. तो बदलायला मला सात आठवडे लागले आणि पीएच.डी.च्या वेळी मारले नसतील एवढे हेलपाटे मारावे लागले.

बॅजचं ऐका आता. टीएलडी बॅज. छातीवर लावायचा, तीन महिन्यांनी वाचायला पाठवायचा, म्हणजे कुणाला किती डोस मिळाला ते कळतं. वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टच्या आत राहायचं, आणि आमच्याकडे ते कुणाचं जवळपासही जात नाही, देवाची कृपा. पण बॅज लावायचा असतो हो! एकाचा गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात पडलेला. एकाचा अ‍ॅप्रनसकट वॉशिंग मशीनमधून निघालेला. एका हुशाराने दिवाळीच्या सुट्टीत 'हरवायला नको' म्हणून सोर्सच्याच कपाटात ठेवला. त्याचं रीडिंग असं काही आलं की खुलासा मागवणारं पत्र आलं. खुलासा कुणी लिहिला? मी. तो गृहस्थ तेव्हा मावशीकडे नाशिकला लाडू खात होता.

आणि या बॅजच्या बिलासाठी मी जे सोसलंय! लेखा विभागातले भाऊसाहेब चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "मॅडम, गेल्या वर्षी कुणाला रेडिएशन लागलं का?" म्हटलं, नाही, सगळ्यांचे रिपोर्ट चांगले आहेत. "मग या वर्षी कशाला परत?" काय सांगणार! गेल्या वर्षी विद्यापीठाला आग लागली नाही म्हणून आगीचे सिलिंडर विकून टाकायचे का? नंतर फाइलवर शेरा, 'तीन दरपत्रके जोडावीत'. बॅज वाचणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा देशात मोजक्या. तिथे काय, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कोटेशन आणू? त्यानंतर पुढचा शेरा, 'खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावा, स्पष्ट व्हावे'. ते आजतागायत स्पष्ट झालेलं नाही. आम्ही तो 'रसायने व काचसामान'मध्ये टाकतो. किरणोत्सर्गावरची देखरेख आमच्या विद्यापीठात चंचुपात्रांच्या हिशेबात बसते.

पण हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक्सआरडीचं, म्हणजे आमच्या क्ष-किरण यंत्राचं, नेता येत नाही.

या यंत्राला दार आहे, दाराला इंटरलॉक आहे. शटर उघडं असताना दार उघडलं की हाय व्होल्टेज बंद पडतं. ते तसंच व्हायला हवं, कारण आतला झोत बोटावर पडला तर काही सेकंदांत कातडी भाजते आणि त्या क्षणी कळतसुद्धा नाही, लाली नंतर येते. जुलैमध्ये मी न सांगता गेले. दाराच्या स्विचवर फ्रिजला लावतात तसला मॅग्नेट, गणपतीचा, आणि वर रबरबँडचे दोन वेढे. यंत्राला वाटावं दार बंद आहे. गणपतीबाप्पाला इंटरलॉकच्या ड्युटीवर बसवलेलं! पोराला विचारलं तर तो निरागसपणे म्हणाला, "मॅडम, दरवेळी ट्रिप होतं, परत गरम व्हायला वेळ जातो, दिवसाला वीस सॅम्पल होत नाहीत." त्याचा दोष किती धरू? त्याला वीस सॅम्पल कुणी सांगितली?

यंत्र बंद केलं, कागद चिकटवला, किल्ली घेतली. अर्ध्या तासात बोलावणं. विभागप्रमुखांच्या प्रोजेक्टमधलंच यंत्र ते. चहा मागवला नाही, तेव्हाच कळलं. "मॅडम, तुम्ही आपल्या डिपार्टमेंटच्या की एईआरबीच्या?" मग आवाज मऊ करून, "तुमचा कॅसचा फॉर्म आहे ना यंदा?" बास. एवढंच बोलले. कॅस म्हणजे बढतीची योजना; माझ्या प्रोफेसरपदाच्या फॉर्मवर पहिली सही त्यांची लागते. ज्याच्या लॅबवर मी नजर ठेवायची त्याच्याच हातात माझी बढती, आणि याला म्हणायचं देखरेख. चोराच्या पगारावर ठेवलेला गुरखा बघितलाय का कुणी?

मॅग्नेट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. यंत्र इंटरलॉक तपासून आठ दिवसांनी सुरू झालं. ते आठ दिवस कॉरिडॉरमध्ये माझ्याशी कोण कसं बोललं ते इथे लिहीत नाही.

समिती? आहे की. किरणोत्सर्ग सुरक्षा समिती, नऊ सदस्य, अध्यक्ष स्वतः प्र-कुलगुरू. तीन वर्षांत एकदा बसली, तीही वार्षिक अहवाल भरायला इतिवृत्त हवं म्हणून. पंचवीस मिनिटं. त्यातली दहा समोशांत काय घालतात यावर. नऊपैकी दोघं निवृत्त झालेत. एक सर दोन वर्षांपूर्वी वारले, त्यांच्या नावाने सभेची सूचना अजून जावक होते. जीवशास्त्राच्या मॅडम बैठकीत म्हणाल्या, आमच्याकडे फक्त थोडंसं फॉस्फरस-३२ असतं, त्याचं काय एवढं. खरंय, त्याचं अर्धायुष्य १४ दिवसांचं, चार-पाच महिने कुलपात ठेवलं की कचरासुद्धा निवतो. पण मॅडम, मग त्या फ्रिजमध्ये दह्याचा डबा काय करतो?

लोकांना वाटतं, मी अधिकार मागते म्हणजे मला मिरवायचंय. अहो, किरणोत्सर्ग संरक्षणाच्या २००४च्या नियमांत सरळ लिहिलंय की जबाबदारी संस्थेची आणि परवानाधारकाची, आरएसओने त्यांना सल्ला द्यायचा, मदत करायची. म्हणजे गुन्हा झाला तर कुलसचिव साहेबांनी खुर्चीत ताठ बसायला हवं. प्रत्यक्षात काही झालं की पहिलं वाक्य ठरलेलं, "आरएसओ कोण आहे?" मला विभागप्रमुखाच्या मांडवाखालून काढा, थेट कुलगुरूंना कागद देता येऊ दे. मी बंद केलेलं यंत्र मी लेखी दिल्याशिवाय कुणी सुरू करायचं नाही, असं एक परिपत्रक काढा. बॅजला स्वतःचं लेखाशीर्ष द्या. कुठल्याही विज्ञान विभागातली भंगाराची यादी आधी माझ्या टेबलावरून जाऊ दे, शेवटी नाही. आणि दुसरा माणूस तयार करा, कारण मला डेंग्यू झाला तेव्हा तीन आठवडे या विद्यापीठाची किरणोत्सर्ग सुरक्षा तापाने फणफणत घरी पडली होती. यातल्या एकाही गोष्टीला बॅजच्या बिलाएवढेही पैसे लागत नाहीत. हे मी चार वेळा लेखी दिलंय. चारही टिपण्या 'अवलोकनार्थ' वर गेल्या आणि 'अवलोकन केले' असा शेरा घेऊन खाली आल्या.

मंगळवारी मी सही केली नाही. पेटी मामांकडून आणि तीन पोरांकडून परत खोलीत ठेवून घेतली, लांब दांडीच्या ट्रॉलीवरून. सोर्स अधिकृत ठिकाणी परत पाठवायचा तर परवानगी, वाहतुकीचे नियम, खर्च, सगळं आलं. ती फाइल दोन वर्षं फिरतेय. तोवर कुलूप तरी धड असावं, म्हणून बाजारातून स्वतःच्या पैशांनी सात लिव्हरचं कुलूप आणलं आणि ३८० रुपयांचं बिल लावलं.

आज बिल परत आलं. हिरव्या शाईत शेरा आहे. 'सदर कुलूप जडवस्तू की उपभोग्य वस्तू, याबाबत विभागप्रमुखांमार्फत खुलासा करावा.'