पुदिन्याच्या वाफेने श्वासनलिका उघडत नाही

परवा मावशी फोनवर म्हणाली, "मला आता पंप लागणार नाही." दम्याचा पंप तिने चक्क कपाटात ठेवून दिला होता. कारण एक फॉरवर्ड. म्हणे झटका आला की पुदिन्याच्या तेलाची वाफ घ्या, त्यातलं मेन्थॉल दोन मिनिटांत श्वासनलिकेचे स्नायू सैल करतं. कडक कॉफी पंपाइतकीच चालते. वनस्पतीचं असल्यामुळे अपाय नाही. पंपाची मात्र सवय लागते. अर्धा तास तिला समजावलं. आता लिहूनच काढतेय, कारण हा मेसेज आणखी किती मावशांकडे पोचलाय कोण जाणे.

आधी मेन्थॉल. जीव गेला तर यानेच जाईल. श्वासनलिकांभोवती अनैच्छिक स्नायू असतात. त्यांच्या पेशींत कॅल्शियम वाढलं की ते आवळतात. प्रयोगशाळेत अशा स्नायूच्या तुकड्यावर मेन्थॉल टाकलं तर कॅल्शियमची वाट अडते आणि तुकडा सैल पडतो, हे खरं आहे. आयबीएस या आतड्याच्या विकारातल्या मुरड्यावर पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल देतात त्या म्हणूनच. पण ते तेल थेट आतड्याच्या भिंतीला लागतं. वाफेबरोबर नाकात गेलेलं मेन्थॉल थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं आणि मेंदूला वाटतं, गार हवा भरपूर येतेय. मेन्थॉल हुंगलेली माणसं नाक मोकळं झालं म्हणाली आणि यंत्रावर हवेला होणारा अडथळा जसाच्या तसा दिसला, असे प्रयोग झालेले आहेत. सर्दीत अशी फसगत चालून जाते. दम्याच्या झटक्यात नळी आवळलेलीच, आतली सूज तशीच, चिकट कफ तसाच, आणि माणसाला मात्र बरं वाटतंय, म्हणून तो पंपाकडे हातच नेत नाही. त्यात उग्र वासाने काहींचा दमा उलट भडकतो, ते वेगळंच.

कॉफीत थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. कॅफिन हे थिओफिलिन या दम्याच्या जुन्या औषधाचं भावंड. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात सात चाचण्या होत्या, मिळून ७५ माणसं. फुफ्फुसांचं काम किंचित सुधारतं, चार तासांपर्यंत. त्यावरून सल्ला काय निघाला? फुफ्फुसांच्या तपासणीआधी चार तास कॉफी टाळा. झटक्यात कॉफी प्या, असा नव्हे! पंपातलं साल्ब्युटामोल हे औषध पाचेक मिनिटांत काम सुरू करतं. कॅफिन रक्तात पुरतं चढायला अर्धा-पाऊण तास जातो.

"वनस्पतीचं म्हणून अपाय नाही" याला एक धोतरा पुरे. त्यातलं अॅट्रोपिन श्वासनलिका सैल करतं आणि माणसाला भ्रमातही लोटतं.

राहिला पंप. त्याचं व्यसन लागत नाही. पण नुसत्या साल्ब्युटामोलवर विसंबू नका, असं 'जिना' ही दम्याची जागतिक मार्गदर्शक संस्था २०१९ पासून सांगतेय, कारण ते स्नायू सैल करतं, सूज उतरवत नाही. सुजेसाठी श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड लागतं. पंप वारंवार लागतोय म्हणजे सूज आटोक्यात नाही. तेव्हा डॉक्टर गाठायचा असतो, कपाट नव्हे.

मावशीला पंपावरचं नाव वाचायला लावलं. नुसतं साल्ब्युटामोलच निघालं. या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेतेय. तोवर पंप उशाशी ठेवीन, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.